सीएसआर निधी आणि सरकारी शाळा (नाशिक जिल्हा)

कंपन्यांनी सामाजिक उत्तरदायित्व निधीतून (सीएसआर) जिल्हा परिषद व महापालिकेच्या शाळांना संगणक, टॅब, इंटरॅक्टिव्ह पॅनेल (स्पर्शाने चालणारा डिजिटल फळा), सौरसंच असे साहित्य देण्याची पद्धत. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे-वाडीवऱ्हे आणि दिंडोरीच्या औद्योगिक पट्ट्यांमुळे नाशिक जिल्ह्यात ती चांगली रुळली आहे.

पूर्वी शाळेला पंखा, घड्याळ किंवा पाण्याची टाकी मिळे ती लोकवर्गणीतून. देणाऱ्याचे नाव त्या वस्तूवरच रंगवलेले असे. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले आणि मदतीचा आकारच बदलला. ५०० कोटींचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम), १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. शिक्षण हा त्यातला मान्य विषय आहे.

कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. यात गैर काही नाही. पण जिल्ह्याचे तालुके १५ आणि कारखाने मोजक्या पट्ट्यांत. सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या पाड्यावरच्या शाळेला शेजारी कंपनीच नाही. तिथल्या गुरुजींना अर्ज घेऊन अंबडपर्यंत यावे लागते.

खरी अडचण उद्घाटनानंतर सुरू होते. पॅनेलची डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ साहित्याच्या नोंदवहीत) नोंद होते आणि तेव्हापासून जबाबदारी शाळेची. पश्चिम पट्ट्यातल्या मुसळधार पावसात वीज तासन्‌तास जाते, बॅटरी उतरते, भिंतीला ओल धरते. मग बाई पॅनेलवर प्लॅस्टिक टाकून खडू हातात घेतात. हमीची मुदत संपल्यावर दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या शाळा अनुदानात बसत नाही, आणि वीजबिल थकले की जोडणीच तुटते. म्हणून देणगीच्या करारात देखभाल, सौरसंच आणि शिक्षक-प्रशिक्षण यांचा खर्च आधीच धरलेला असला पाहिजे. नुसती वस्तू देणे ही अर्धीच मदत होय.

राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक शाळा योजना आणली. देणगीदाराने रोख रकमेऐवजी वस्तू व सेवा द्याव्यात आणि त्याने सुचवलेले नाव शाळेच्या नावाला जोडता यावे, अशी तिची रचना होती. हा खासगीकरणाचा मार्ग आहे, असा आक्षेप शिक्षक संघटनांनी घेतला.

साहित्यातल्या मजकुराकडे मात्र फार कमी लक्ष जाते. टॅबमधले धडे प्रमाण मराठीत असतात. सुरगाण्यातल्या पहिलीच्या अनेक मुलांच्या घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोली किंवा डांगी बोलली जाते. चित्रफीत मध्येच थांबवून तोच शब्द मुलांच्या बोलीत सांगणारा शिक्षक वर्गात असेल, तरच तो धडा त्यांच्यापर्यंत पोचतो.