पॉवर प्रेसवर बोटं गेली तर ईएसआयसीचा क्लेम कसा करायचा?

भोसरी, चाकण, वाळूजकडच्या वर्कशॉपमध्ये पत्रा दाबून कापणाऱ्या, आकार देणाऱ्या प्रेसवर बोटं गेली की कामगाराला हमखास ऐकवलं जातं, "गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं संरक्षण) तूच काढला होतास, आता काही मिळणार नाही." हे साफ खोटं आहे. मालकाच्याच कामासाठी मशीन चालवत असताना अपघात झाला असेल, तर नियम मोडला म्हणून ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) लाभ बुडत नाही. शिवाय दोन्ही हातांनी एकदम दाबायची सुरक्षेची बटणं बाजूला ठेवून प्रॉडक्शनसाठी पायाचं पेडल कुणी जोडायला लावलं, हेही विचारलं पाहिजे. 'घरी पडलो' असं लिहून देऊ नका आणि कोऱ्या कागदावर सही तर अजिबात करू नका.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला, ईएसआयसी लागू असलेल्या कारखान्यातला कामगार पात्र आहे. कॉन्ट्रॅक्टरचा हेल्परही त्यात आला. आजारपणाच्या लाभासाठी ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते, कामावरच्या अपघाताला तशी अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी हात गेला तरी हक्क आहेच.

अपघाताची नोंद लगेच रजिस्टरमध्ये करून घ्या. मालकाने ऑनलाइन अपघात अहवाल भरायचा असतो, त्याला फॉर्म १२ म्हणतात. त्याची प्रत मागून घ्या, कारण अनेक क्लेम इथेच अडकतात. सोबत आयपी नंबर (ईएसआयसीचा विमा क्रमांक), आधार, बँक पासबुक, हजेरी व पगाराची नोंद, जवळ असलेल्या सहकाऱ्यांचे जबाब आणि ईएसआयसी डॉक्टरांचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे दाखले ठेवा. खासगी दवाखान्यात नेलं असेल तर तिथले एक्स-रे आणि केसपेपरही सांभाळा.

उपचार चालू असेपर्यंत सरासरी रोजच्या मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते. अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस काम करता आलं नाही, एवढंच लागतं. जखम भरली की ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात कायमच्या अपंगत्वासाठी अर्ज द्या. मग मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं. एका हाताची ३ बोटं गेली तर ३० टक्के, अख्खा अंगठा गेला तरी ३०, दोन बोटांना २०. दिवसाची मजुरी ६०० रुपये असेल, तर त्याचे ९० टक्के म्हणजे ५४० आणि त्याचे ३० टक्के म्हणजे दिवसाला १६२ रुपये, तेही आयुष्यभर. पुन्हा कामावर लागलात तरी ही पेन्शन थांबत नाही.

बोर्डाची टक्केवारी कमी वाटली, तर निकाल कळल्यापासून ३ महिन्यांत मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे किंवा ईएसआय कोर्टात अपील करता येतं.