तांब्याचे चक्र आणि ‘उतारा’ या शब्दाचा घोळ

खाणीतल्या, तांब्याचे क्षार विरघळलेल्या निळ्या पाण्यात लोखंड टाकून तांबे काढण्याचा उद्योग सोंग राजवटीतल्या चीनमध्ये अकराव्या शतकात जोरात होता. ‘तांब्याचे चक्र’ हा प्रयोगशाळेतला प्रयोग: तांबे नायट्रेट, हायड्रॉक्साइड, ऑक्साइड आणि सल्फेट अशा रूपांतून नेऊन पाच पायऱ्यांत पुन्हा तांबे म्हणूनच मिळवायचे. त्याची शेवटची पायरी तीच, फक्त लोखंडाच्या जागी जस्त. पुढे १७९९ मध्ये स्पेनमध्ये काम करणाऱ्या एका फ्रेंच रसायनज्ञाने खाणीतला आणि प्रयोगशाळेत बनवलेला कॉपर कार्बोनेट तपासून दोन्हींची घटकप्रमाणे एकच असल्याचे दाखवले. ०.५० ग्रॅम तांब्यातून ०.६३ ग्रॅमच ऑक्साइड मिळणार, हे आज आपण आधीच कागदावर मांडतो ते त्याच आधारावर.

विसाव्या शतकात हे चक्र महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत रुजले आणि १९७०च्या दशकात परत मिळणाऱ्या तांब्याचा टक्केवारीतला आकडा शंभराजवळ नेण्याच्या सुधारणा छापून येऊ लागल्या. घोळ त्या आकड्याच्या नावाचा आहे. मराठीत ‘उतारा’ म्हटले की साखर कारखाना आठवतो. तिथे भागाकार गाळलेल्या उसाच्या वजनाने होतो, उसात मुळात किती साखर होती त्याने नव्हे. प्रयोगशाळेतला टक्के उतारा मात्र सैद्धांतिक वजनाने, म्हणजे हिशेबाने मिळायला हवे त्या वजनाने, भागतात. चक्रात तांबेच घालायचे आणि तांबेच काढायचे, म्हणून दोन्ही छेद योगायोगाने सारखे येतात आणि विद्यार्थ्याला फरक कळतच नाही. मोरचूद (निळे कॉपर सल्फेट) बनवायला घेतले की तो फरक उघडा पडतो: १ ग्रॅम तांब्यातून ३.९३ ग्रॅम मोरचूद अपेक्षित असते. ३.१४ ग्रॅम मिळाले तर उतारा ८० टक्के, ३१४ नव्हे. चक्रापुरता ‘परत मिळालेले तांबे’ हाच शब्द प्रामाणिक.

शिवाय हा आकडा पाच पायऱ्यांचा मिळून असतो. ०.५० पैकी ०.४७ ग्रॅम परत आले, म्हणजे ९४ टक्के. दर पायरीला सरासरी ९८.८. घट बहुधा ऑक्साइडच्या पायरीला होते. हायड्रॉक्साइड न ढवळता तापवले की बीकरमधला द्रव उसळतो, आणि निवळी घाईने ओतली की बारीक काळी भुकटी तिच्यासोबत जाते.

शंभराच्या वरचा आकडा जास्त फसवा. ०.५० ग्रॅम तांब्याला २ ग्रॅम जस्त घालतात, म्हणजे गरजेच्या जवळपास चौपट. उरलेले विरघळवले नाही तर तेही तांबे म्हणून तोलले जाते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची. नंतर पाण्याने धुवायचे. धुवणात बेरियम क्लोराइड टाकून पांढरा गढूळपणा आला तर सल्फेट अजून आहे. शेवटी मिथेनॉलने धुवून वाफेवर सुकवायचे, जवळ ज्योत नको. थेट आचेवर धरले तर विटकरी तांबे काळवंडते. सगळेच ऑक्साइड झाले तर काहीही न सांडता तराजू १२५ टक्के दाखवतो.