डोंगरावरच्या डॉर्मिटरीत ऊब फुकट, पाणी महाग

मे महिन्यात नागपुरात कूलरची खस बदलता बदलता थंडीचा विषय काढणं म्हणजे जरा अतीच, पण मार्चमधला लडाखचा तो होमस्टे डोक्यातून जातच नाही. एका खोलीत आम्ही आठ जण ओळीने गाद्या टाकून झोपलेलो, हीटर-बिटर काही नाही, आणि पहाटे मी दुसरं ब्लँकेट लाथेनं बाजूला सारलेलं.

माणूस नुसता झोपला असला तरी 70-80 वॅट उष्णता बाहेर टाकत राहतो. आठ जणांचे झाले सहाशेच्या आसपास, म्हणजे छोटा रूम हीटरच की. वर भिंतीचं गणित. आठ सुट्ट्या कॉटेजमधली जागा एकाच मोठ्या खोलीत आणली तर भिंती-छप्पर-फरशी मिळून निम्मीच लागते, आणि उष्णता पळते ती तिथूनच. तरी रिसॉर्टवाले कॉटेजच बांधतात, फोटो छान येतो ना!

बाकी काम ऊन करतं. दक्षिणेला काच, तिच्यामागे काळी जाड भिंत, दिवसभर तापते नि रात्री हळूहळू आत सोडते, हिला ट्रॉम्ब वॉल म्हणतात. आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींचा गुण तोच, फक्त आपल्याला तो उलट कामाला येतो, दुपारची आग आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते.

खरी पंचाईत पाण्याची. स्वित्झर्लंडमध्ये 2,883 मीटरवर मोंटे रोझा हट ही गिर्यारोहकांच्या मुक्कामाची जागा आहे, 2009 साली बांधलेली, ईटीएच झुरिक या विद्यापीठवाल्यांनी डिझाइन केलेली, अंगावर सोलर पॅनल. पण आजूबाजूला एवढा बर्फ असून पाणी वाहतं ते उन्हाळ्याचे थोडे महिनेच, म्हणून ते वरच्या अंगाला खडकातल्या टाकीत साठवतात आणि वापरलेलं पाणी साफ करून परत फ्लशला देतात.

आणि संडास! यावर कोणी बोलत नाही. मैल्याचं खत करणारे जिवाणू थंडीत सुस्तावतात, त्यामुळे खाली पडलेलं महिनोन्महिने तसंच राहतं. त्यात लघवी मिसळली की वजनही वाढतं आणि वासही, कारण माणसाची दिवसाची लघवी लिटर-दीड लिटर, मैला पाव किलोच्या आत. म्हणून बऱ्याच ठिकाणी दोन्ही वेगळं करतात, हेलिकॉप्टरने खाली न्यायचं असेल तर किलोकिलोचा हिशोब लागतो.

लडाखी पद्धत याहून जुनी नि स्वस्त. वरच्या मजल्यावर मातीच्या फरशीला एक भोक, बाजूला मातीचा ढीग नि फावडं. काम झालं की माती लोटायची, खाली सगळं कोरडं राहतं, आणि पुढे शेतात खत म्हणून जातं. पाणी मात्र टाकायचं नाही, सगळा खेळ कोरडेपणाचाच आहे. आमच्यातल्या एका भाऊने नागपुरी सवयीने सकाळी सकाळी अख्खी बादली ओतली. घरच्या आमा-ले (लडाखीत आईला असं म्हणतात) काहीच बोलल्या नाहीत, फक्त त्याच्या हातात फावडं दिलं.