चुनखडी: एक नाव, दोन दगड

कोल्हापुरात ‘चुनखडी’ म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानातले पांढुरके खडे येतात. भूशास्त्राच्या पुस्तकात मात्र हाच शब्द समुद्रतळाशी साचलेल्या खडकासाठी असतो. दोन्हींत मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेटच, पण जन्म वेगळा.

घरोघरची शहाबादी फरशी हा गाळाचा खडक. कर्नाटकातल्या भीमा खोऱ्यात उथळ समुद्रात चुनामय चिखल थरावर थर साचून घट्ट झाला, म्हणून तिच्या सपाट लाद्या निघतात. आम्लाने ती फसफसते. संडास धुण्याचं ॲसिड तिच्यावर सांडू देऊ नये.

रानातल्या खड्यांचा समुद्राशी संबंध नाही. बेसाल्ट कुजताना सुटलेलं कॅल्शियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि उन्हाळ्यात पाणी उडालं की खड्यांच्या रूपात मागे राहतं. गगनबावडा-राधानगरीकडे पावसाने ते धुऊनच जातं, तिथे जांभा उरतो.

खरा गुंता १९५७ च्या खनिज कायद्यानंतरचा. बांधकामाचा चुना भाजायला नेलेला चुनखडक ‘गौण खनिज’ ठरला, सिमेंटसाठी नेलेला तोच दगड प्रमुख खनिज. २०२५ पर्यंत वर्गवारी दगडाच्या गुणावर नव्हती, वापरावर होती. त्यात कंकर (रानातले खडे) आणि चुनखडक दोन्हींना बोलीत चुनखडीच म्हणतात. खाणीच्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

भट्टीत हा फरक लपत नाही. शुद्ध दगड साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजला की १०० किलोतून ५६ किलो कळीचा चुना मिळतो, बाकीचा वायू होऊन जातो. हा चुना विरवून पाण्याखाली कितीही दिवस ठेवता येतो, मात्र ओल्या सांध्यात घट्ट व्हायला त्याला सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी) लागते. कंकरात चिकणमाती असल्याने त्याचा चुना ओलाव्यातही आवळतो. तो मळून ठेवला तर वाया जातो. जास्त भाजलेले खडे उशिरा विरतात आणि गिलाव्यात महिन्यांनी फोड येतात. जुन्या भिंतीची दुरुस्ती करताना मूळ चुना कोणता होता हे न पाहता सिमेंट थोपणं ही चूकच: सिमेंट ओल आत कोंडतं आणि शेजारचा मऊ चुना भुगा होतो.

शेतात याच खड्यांमुळे लोह पिकाला मिळत नाही आणि उसावर केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी पडतात. अशी जमीन चोपण (सोडियम वाढून घट्ट) झाली असेल तर जिप्समऐवजी गंधक घालावं. कॅल्शियम तिथे आधीच भरपूर आहे.