घाम काढणारी हवा, आंघोळीचं पाणी

गुहागर-मालवणकडे होम-स्टे वाढले, तसे न्हाणीघरातले तांब्याचे बंब अडगळीत गेले आणि खोलीखोलीत गिझर आले. गिझरचा हिशेब सरळ आहे. एक युनिट वीज खर्च केली की फार तर एक युनिट उष्णता मिळते. गिझर कितीही महाग घेतला तरी त्याहून जास्त नाही. हीट पंप हे विजेवर चालणारं यंत्र मात्र उष्णता निर्माण करण्याऐवजी बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतो.

विहिरीवरच्या पंपाला पाणी जितकं उंच चढवायचं, तितकी वीज जास्त लागते. इथे उंचीच्या जागी तापमानातला फरक धरायचा. बाहेर 28 अंश असताना 55 अंशांचं पाणी करायचं, तर एका युनिटमागे सैद्धांतिक मर्यादा सुमारे 12 युनिट उष्णतेची. युरोपातल्या उणे 5 अंशांच्या हवेत तीच साडेपाचावर येते. प्रत्यक्ष यंत्रं या मर्यादेच्या बरीच खाली राहतात, तरी आपल्याकडे तिप्पट-चौपट उष्णता सहज मिळते. 200 लिटर पाणी 27 वरून 55 अंशांवर न्यायला साडेसहा युनिट उष्णता लागते. हीट पंप ते काम दोन युनिटच्या आसपास विजेत करतो.

आपण ज्या दमटपणाला शिव्या घालतो, तो इथे कामाला येतो. यंत्राच्या थंड जाळीवर, म्हणजे हवेतली उष्णता शोषून घेणाऱ्या नळ्या-पट्ट्यांवर, बाष्पाचं पाणी होताना, दर लिटरमागे जवळपास पाऊण युनिट उष्णता सुटते. थंड देशांत याच जाळीवर बर्फ धरतं आणि तो वितळवण्यात ऊर्जा जाते. किनाऱ्यावर ती कटकट नाही.

इथला खरा शत्रू म्हणजे खारा वारा. मीठ जाळीच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर बसतं, ओल धरून ठेवतं, आणि तांब्याच्या नळीला टेकलेलं ॲल्युमिनियम झिजू लागतं. पांढरी भुकटी साचून हवेची वाट अडते. मग जाळी आणखी थंड पडते, तापमानातला फरक वाढतो आणि वीज जास्त जाते. पाणी मात्र तापतच असतं, त्यामुळे बिल येईपर्यंत कुणाला पत्ता नसतो. यंत्र घेतानाच लेप दिलेली जाळी मागावी, ते घराच्या समुद्राकडच्या अंगाला बसवू नये आणि जाळी वरचेवर गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवावी. पावसाळ्यात पडवीला झापं लावून यंत्र कोंडलं, तर ते स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा ओढत राहतं. हे हमखास होतं.

टाकीचं तापमान विनाकारण वर ठेवू नये; दर अंशामागे साधारण दोन टक्के वीज वाढते. पन्नासच्या आसपास पुरे. मात्र साठलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढू शकतात, म्हणून आठवड्यातून एकदा साठ अंशांपर्यंत न्यावं. नळ्यांना उष्णतारोधक वेष्टण हवंच. आणि यंत्र पहाटेऐवजी दुपारी चालवावं, तेव्हा हवा सर्वांत गरम असते.

या तंत्राचा जन्म मिठाच्या कारखान्यातला, हे किनाऱ्यावरच्या माणसाला आवडावं. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी 1852 मध्ये हीट पंपाची कल्पना मांडली आणि त्याच दशकात ऑस्ट्रियात अभियंता पेटर फॉन रिटिंगर यांनी खारं पाणी आटवताना निघणारी वाफ दाबून तिची उष्णता पुन्हा वापरून पाहिली.

सुकवण्याचं काम आजही हीट पंप उत्तम करतो. ऐन आमसुलं घालायच्या वेळी पाऊस गाठतो, तेव्हा बंद खोलीतली ओली हवा आधी थंड जाळीवरून नेऊन तिचं पाणी काढायचं, मग तीच हवा गरम जाळीवरून फिरवायची. फक्त खोलीच्या फटी बुजवायला हव्यात, नाहीतर यंत्र आमसुलं सोडून अख्ख्या आषाढाची हवा वाळवत बसतं.