मीटरवर ५४, डब्यांची थरथर

लग्नसराई लागली की इंदूरच्या आमच्या सुदामानगरात एक वाद ठरलेला. पलीकडच्या मॅरेज गार्डनमध्ये डीजे सुरू होतो, फळीवरचे स्टीलचे डबे थरथरू लागतात आणि कोणीतरी आवाज मोजायचं ॲप लावलेला मोबाईल पुढे धरून म्हणतं, "काका, ५४ डेसिबलच दाखवतंय, नियमात आहे!" मोबाईलचा माइक खर्ज नीट पकडत नाही, हा एक भाग. पण चांगल्या मीटरवरही ५४ येऊ शकतात, आणि डबे तरीही थरथरतात.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात सकाळी सहा ते रात्री दहा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा. मात्र नियमात नुसतं डेसिबल नाही, ‘डेसिबल ए’ आहे. सगळी गोम त्या ‘ए’त.

कान सगळ्या स्वरांना सारखी दाद देत नाही. दोन ते पाच हजार हर्ट्‌झच्या (हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, म्हणजेच वारंवारता) टप्प्यात तो सर्वात तिखट, खर्जाला बराच बोथट. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये लोकांना वेगवेगळे स्वर ऐकवून याचे वक्र काढले. त्यातल्या मंद आवाजाच्या वक्रावरून ‘ए’ची चाळणी बेतली गेली. मीटर तिच्यानुसार वजाबाकी करतो: १००० हर्ट्‌झला शून्य, १०० ला १९, ६३ ला २६. म्हणजे ६३ हर्ट्‌झचा ८० डेसिबलचा ठोका मीटरवर ५४ होऊन उमटतो. आवाज जसा वाढतो तसा कानाचा हा पक्षपात कमी होत जातो, मोठा खर्ज कानाला चांगलाच कळतो. वजाबाकी मात्र तेवढीच राहते!

आता गाण्याचे शब्द गळून नुसती धबधब घरात का शिरते ते पाहू. अडथळ्याचं वजन दुप्पट केलं की ढोबळमानाने ६ डेसिबल जास्त अडतात. वारंवारता दुप्पट झाली तरी तेवढेच. ६३ पासून २००० हर्ट्‌झपर्यंत पाच सप्तकं, म्हणजे पाच वेळा दुप्पट, होतात, म्हणजे कागदावर ३० डेसिबलचा फरक. खिडकीची तीच काच गायिकेला अडवते आणि बेसला वाट देते. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवण्याचे व्हिडिओ फिरतात ना, त्यात वजनच नाही, तर अडणार काय? (२०२० मध्ये थाळ्या-शंखांच्या लहरींनी विषाणू मरतो असे मेसेजही असेच फिरले. तसं असतं तर आमच्या गल्लीत एक जंतू उरला नसता.)

पुढचा भाग माझा लाडका. ५० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी जवळपास ७ मीटर, तिची निम्मी साडेतीनच्या आत, म्हणजे अकरा फुटी खोलीएवढी. समोरासमोरच्या भिंतींमध्ये लहर जाते-येते, स्वतःवरच पडते आणि स्थिर लहर उभी राहते. हवेच्या दाबाचा चढउतार भिंतींपाशी सर्वाधिक, मधोमध जवळजवळ शून्य. आपल्या पलंगाची उशी नेमकी भिंतीला! एकाच खोलीत आजी ‘छातीत धडधडतं’ म्हणतात आणि मध्यभागी मोबाईल धरून उभा असलेला नातू ‘कुठे काय’ म्हणतो, ते यामुळेच. त्या एका स्वरापुरतं दोघांचंही खरं.

"सवय होते हो" हे मात्र अर्धंच खरं. जाग येणं कमी होतं, पण झोपेतही कान चालू असतात. प्रत्येक दणक्याला हृदयाची गती क्षणभर वाढते, आणि ती वाढ सवयीने फारशी ओसरत नाही. ताणाची संप्रेरकं, रक्तदाब, पुढे हृदयविकार ही साखळी तिथून सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या वाहनांसाठी रात्रीची शिफारस ४५ डेसिबलची केली, ती झोपेचाच विचार करून.

बऱ्याच मीटरवर ‘ए’शेजारी ‘सी’ या दुसऱ्या चाळणीचं बटण असतं. ते ६३ हर्ट्‌झला एक डेसिबलही कापत नाही. दोन्ही आकडे घ्या. त्यांच्यात १५-२० चा फरक आला तर त्रास खर्जाचा आहे. तक्रारीत दोन्ही लिहा. आपली मर्यादा आजही ‘ए’तच मोजली जाते, त्यामुळे ‘सी’च्या आकड्यावर दंड होणार नाही, पण ५४ म्हणजे शांतता, हे तरी कोणी तोंडावर म्हणणार नाही.