कावीळ

रक्तातील बिलिरुबिन या रंगद्रव्याचे प्रमाण वाढल्याने डोळ्यांचा पांढरा भाग, त्वचा आणि लघवी पिवळी दिसू लागते, त्या अवस्थेला कावीळ म्हणतात. बोलताना आपण ‘कावीळ झाली’ असे एखाद्या रोगासारखे म्हणतो. खरे तर तापाप्रमाणे तेही लक्षणच आहे.

बिलिरुबिन निरोगी शरीरातही रोज तयार होते. तांबड्या रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि मग मुख्यतः प्लीहेत (पाणथरीत) मोडल्या जातात. हीमोग्लोबिनमधले लोह शरीर पुन्हा वापरते. उरलेल्या भागापासून आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि त्यापासून पिवळे बिलिरुबिन बनते. मुका मार लागलेली काळीनिळी जागा पुढे हिरवट आणि मग पिवळी होते, तीही याच क्रमाने. हे बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून यकृताकडे जाते. यकृतपेशी त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून विद्राव्य करतात आणि पित्तावाटे आतड्यात सोडतात. मलाचा तपकिरी रंग त्यातूनच येतो.

ही वाट कुठे अडली, यावर काविळीचा प्रकार ठरतो. मलेरिया किंवा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात रक्तपेशी भराभर फुटतात आणि यकृताला काम आवरत नाही. विषाणूजन्य यकृतदाह, मद्य किंवा काही औषधे यांनी यकृतपेशीच दुखावतात. यकृतदाहाचे ‘अ’ आणि ‘ई’ विषाणू प्रामुख्याने दूषित पाणी व अन्नातून, तर ‘ब’ आणि ‘क’ रक्तावाटे पसरतात. तिसऱ्या प्रकारात पित्तखडा किंवा स्वादुपिंडाची गाठ पित्तनलिका अडवते. तेव्हा विद्राव्य बिलिरुबिन रक्तात परतून लघवी गडद होते, आतड्यात रंग न पोचल्याने मल मातकट पांढरा पडतो आणि अंगाला खाज सुटते. म्हणूनच डॉक्टर लघवी आणि मलाचा रंग आवर्जून विचारतात.

रक्तातील बिलिरुबिनचे प्रमाण साधारण 1.2 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत असते, 2.5 ते 3 च्या पुढे गेले की पिवळेपणा नजरेला दिसतो. गाजरासारखे पदार्थ अति खाल्ल्यानेही त्वचा पिवळसर होते, पण डोळे पांढरेच राहतात. ‘कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते’ ही म्हण मात्र शब्दशः खरी नाही: पिवळे डोळे पाहणाऱ्याला दिसतात, रोग्याला जग नेहमीसारखेच दिसते.

नवजात बाळांत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी कावीळ बहुधा यकृत पुरते तयार न झाल्यामुळे असते आणि आपोआप ओसरते. पहिल्या 24 तासांतच दिसलेली कावीळ मात्र तातडीने तपासावी लागते, कारण फार वाढलेले बिलिरुबिन मेंदूत शिरून कायमची इजा करू शकते. उपचार म्हणून बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. त्या प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूची रचना बदलते आणि यकृताने काही न जोडताही ते पित्त व लघवीवाटे बाहेर पडू लागते.